स्वयंवंगण निकेल लेप : घर्षण, झीज आणि निवड

अंधेरीच्या एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात जॉब, म्हणजे लेप द्यायचे यंत्रभाग, घेऊन येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतात, की लेप दिल्यावर ग्रीस लावायची गरज उरणार नाही ना? काही जॉबना ती खरोखर उरत नाही, काहींना उरते. हा फरक ग्राहकांना आधीच कळावा म्हणून हे माहितीपत्रक दिले आहे.

आमचा लेप विजेशिवाय, केवळ रासायनिक क्रियेने बसणाऱ्या निकेल-फॉस्फरसचा असतो. सुमारे ८५ ते ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या बाथमध्ये, म्हणजे रासायनिक द्रावणात, पीटीएफईचे, म्हणजे बाजारात टेफ्लॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थाचे, एका मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण तरंगते ठेवलेले असतात आणि निकेल बसत जाईल तसतसे ते त्यात अडकत जातात. तयार लेपात आकारमानाने सुमारे २० ते २५ टक्के पीटीएफई असते. फवारून दिलेल्या थराप्रमाणे ते नुसते वर नसते, तर लेपाच्या पूर्ण जाडीत विखुरलेले असते. त्यामुळे वरचा भाग झिजला की खालचे कण उघडे पडतात आणि लेप शिल्लक असेपर्यंत वंगण मिळत राहते.

यंत्र चालू झाल्यावर हे कण पसरतात आणि समोरच्या भागावर त्यांचा पातळ, किंचित काळपट पापुद्रा बसतो. खरे काम हा पापुद्राच करतो. पोलादावर पोलाद कोरडे घासले, तर घर्षणांक (घर्षण किती ते सांगणारा आकडा; जितका कमी तितके निसरडे) ०.५ च्या वर जातो. येथे तो साधारण ०.१ ते ०.२ राहतो. एका पॅकिंग मशीनची पिन आमच्याकडे दोनच महिन्यांत झिजून परत आली, तेव्हा चौकशीत कळले, की पिन ज्यात फिरते त्या बुशमधला 'काळा मळ', म्हणजे हाच पापुद्रा, ऑपरेटर दर शिफ्टला पॉलिश पेपरने घासून बुश लखलखीत करत होता. कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे आहे; घासू नये.

घर्षण कमी म्हणजे झीजही कमी, हा समज मात्र बरोबर नाही. साध्या निकेल-फॉस्फरसचा कडकपणा बाथमधून निघताना सुमारे ५०० ते ५५० विकर्स (कडकपणा मोजण्याचे एकक) असतो आणि ४०० अंशांवर तासभर तापवल्यास तो ९०० च्या पुढे जातो. पीटीएफई मिसळलेला लेप साधारण २५० ते ३५० विकर्सचाच राहतो आणि त्याला तेवढे तापवताही येत नाही, कारण पीटीएफई २६० अंशांपुढे सतत टिकत नाही. म्हणून हलका भार आणि सरकती हालचाल असेल, किंवा इजेक्टर पिन (मोल्डमधून तयार वस्तू बाहेर ढकलणारी पिन) अडकत असेल, तर हा लेप उत्तम. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या मोल्डला तो आम्ही देत नाही, कारण काचतंतू मऊ लेप खरवडून काढतात; तिथे तापवून कडक केलेला साधा निकेल लेपच घ्यावा.

इतर घन वंगणांबद्दलही विचारणा होते. ग्रॅफाइटला निसरडे राहण्यासाठी हवेतील ओलावा लागतो, तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडला कोरडी हवा मानवते. मुंबईच्या जुलैमध्ये उघड्या शेडमध्ये चालणाऱ्या यंत्रासाठी हा फरक केवळ पुस्तकी नाही. फार तापणाऱ्या भागांसाठी षट्कोनी बोरॉन नायट्राइडचा विचार करावा लागतो.

लेप सर्व बाजूंनी सारखा बसतो. १० मायक्रॉन जाडीत शाफ्टचा व्यास २० मायक्रॉनने वाढतो आणि भोक तेवढेच लहान होते, तेव्हा ग्राइंडिंग करतानाच तेवढे माप सोडावे. गंजाचीही भीती असल्यास खाली साध्या निकेलचा थर आवश्यक आहे, कारण केवळ पीटीएफईयुक्त लेप त्याबाबतीत तोकडा पडतो.

जॉबसोबत भार, वेग व तापमान लिहून द्यावे आणि शक्य असल्यास ज्यावर तो घासतो तो जोडीचा भागही आणावा. जुना, झिजलेला असला तरी चालेल. झीज एकाच बाजूला असेल, तर आधी अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही भाग एका रेषेत आहेत का, हे तपासायला हवे आणि ते लेप देण्यापूर्वीच आम्ही सांगू शकतो.