पॅकिप्टेरस खवलचोर (कुलकर्णी, १९५२) : नावाचा अर्थ आणि वापर

दख्खनच्या नद्यांतील माशांचे तक्ते आणि नमुन्यांच्या बरण्यांवर लावायच्या नामपट्ट्या आमच्याकडून घेणाऱ्या शाळा, महाविद्यालये व अभ्यासक यांच्यासाठी हे पत्रक काढले आहे. तक्त्यावरील ‘पॅकिप्टेरस खवलचोर’ हे नाव वाचल्यावर शास्त्रीय नावाच्या जागी चुकून बोलीतले नाव छापले गेले असावे, असा समज होऊ शकतो. छपाई बरोबर आहे. ‘खवलचोर’ हा मराठी शब्दच या माशाच्या शास्त्रीय नावाचा दुसरा भाग असून जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांना तो तसाच लिहावा लागतो.

कृष्णेच्या खोऱ्यातील या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतील नमुन्यांवरून केले आणि ते १९५२ साली प्रसिद्ध झाले. नाव ठेवताना त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडचा शब्दच उचलला, आणि तो अगदी नेमका आहे, कारण हा मासा इतर माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. विशेष म्हणजे शिंगाळा आणि मांगूर यांच्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या अंगावर एकही खवला नसतो. ‘पॅकिप्टेरस’ हा पहिला भाग जाड आणि पर या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला असून ते प्रजातीचे (जीनस, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे) नाव ब्रिटिश निसर्ग अभ्यासक स्वेन्सन यांनी १८३८ मध्येच दिलेले होते.

मराठी नावे शास्त्रात जाण्याची वाट याच्याही पुष्कळ आधी मळली होती. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिलेला आणि १८३९ चा म्हणून उद्धृत होणारा निबंध पाहिला, तर स्पेराटा सिंघाला या नावात आपला शिंगाळा आणि मिस्टस सिंगटी या नावात शिंगटी सहज ओळखू येते. बोलीतली नावे मात्र गावागणिक बदलतात. कोकणच्या किनाऱ्यावर शिंगाळा म्हटले की समुद्रातला मासा समजला जातो, तर घाटावर तोच शब्द नदीतल्या माशासाठी वापरतात. म्हणूनच आम्ही नामपट्टीवर केवळ बोलीतले नाव छापत नाही.

नावापुढील कंस ही शोभेची गोष्ट नव्हे आणि तो गाळू नये, असा आमचा आग्रह आहे. कुलकर्णी यांनी या माशाला ‘निओट्रोपियस’ या नव्या प्रजातीत ठेवले होते. पुढे त्याला पॅकिप्टेरसमध्ये हलवण्यात आले. मूळ वर्णन ज्या प्रजातीत झाले तीतून जाती (स्पीशीज) दुसरीकडे गेली की मूळ वर्णनकर्त्याचे नाव व वर्ष कंसात लिहावे, असा प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे. याउलट ‘रोहटी ओगिल्बी साइक्स, १८३९’ येथे कंस नाही, कारण हा मासा साइक्स यांनी ठेवलेल्या प्रजातीतच आजही आहे. एका कंसावरून नावाचा इतका इतिहास कळतो.

प्रजाती बदलल्यावर ‘खवलचोर’चे शेवटचे अक्षर का बदलले नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. जातीचे नाव लॅटिन विशेषण असेल, तर मराठीत ‘काळा घोडा, काळी घोडी’ असे म्हणावे लागते त्याप्रमाणे ते प्रजातीच्या लिंगानुसार बदलते. मरळ पूर्वी ऑफिसेफॅलस स्ट्राएटस होता, तो चन्ना स्ट्राएटा झाला तो याच कारणाने. खवलचोर हे लॅटिन विशेषण नसून परभाषेतून आलेले नाम असल्यामुळे ते कोणत्याही प्रजातीत गेले तरी जसेच्या तसे राहते. त्याला लॅटिन वळणाचे शेपूट जोडू नये.

रोमन लिपीत लिहिताना प्रजातीचे पहिले अक्षर मोठे, जातीचे नाव संपूर्ण लहान अक्षरांत आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात असावेत. वर्णनकर्त्याचे नाव व वर्ष मात्र सरळ ठशात छापावे. एकदा पूर्ण नाव देऊन झाल्यावर पुढे ‘पॅ. खवलचोर’ असा संक्षेप चालतो, पण रोमन लिपीत तो एकाच अक्षरावर येतो आणि पुंटियस व पेथिया या प्रजातीही त्याच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे तिन्ही एकत्र येतील त्या तक्त्यात आम्ही पूर्ण नावच छापतो.

आपल्या संग्रहातील एखाद्या बरणीवर ‘निओट्रोपियस खवलचोर’ अशी जुनी चिठ्ठी असेल, तर ती काढून टाकू नये. जुन्या याद्या आणि प्रबंध त्याच नावाने लिहिलेले असल्यामुळे नमुन्याचा त्यांच्याशी असलेला धागा त्या चिठ्ठीतच टिकून असतो. नवी नामपट्टी तिच्या शेजारी लावावी. नवी पट्टी मागवताना नमुना कोणत्या नदीतून, कोणत्या ठिकाणी व कोणत्या तारखेला घेतला हे चिठ्ठीवर असेल तसेच उतरवून पाठवावे, म्हणजे आम्ही ते नावाखाली छापून देऊ.