अन्ननलिकेतील अपस्फीत नीलांचा रक्तस्राव : तातडीचे उपचार

सिरोसिस या नावाने सर्वपरिचित असलेल्या यकृत सूत्रण रोगात यकृतात तंतुमय ऊतक साचत जाते आणि आतडी व प्लीहा यांच्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या प्रवेशिका नीलेतील दाब वाढतो. वाट अडलेले रक्त आडमार्गांनी हृदयाकडे जाऊ लागते. त्या आडमार्गांपैकी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी व जठराच्या वरच्या भागात असलेल्या नीला फुगून नागमोडी होतात. त्यांना अपस्फीत नीला म्हणतात. त्या फुटल्या म्हणजे रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी होते. पुष्कळदा दोन्ही होते. आधुनिक उपचार मिळूनही पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे १५ ते २० टक्के रुग्ण दगावतात.

यकृतात रक्त आणणाऱ्या व यकृतातून रक्त नेणाऱ्या नीलांच्या दाबांतील फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटर इतका असतो. तो १० च्या वर गेल्यावर अपस्फीत नीला तयार होऊ लागतात, १२ च्या वर गेल्यावर फुटू शकतात आणि २० च्या वर असल्यास रक्त थांबवणे अवघड जाते. ह्या आकड्यांवरून आजाराचे खरे स्वरूप कळते : हा रक्तस्राव मुख्यतः दाबाचा आहे, रक्त गोठण्यातील दोषाचा त्या मानाने कमी. ही गोष्ट लक्षात न घेतल्याने उपचारांत दीर्घकाळ चुका झाल्या.

प्राचीन वैद्यकात ह्या विकाराचा उल्लेख आहे काय, हा वादाचा विषय आहे. चरकसंहितेतील ऊर्ध्वग रक्तपित्त म्हणजे हाच रक्तस्राव, असे काही अभ्यासक मानतात. परंतु त्या संज्ञेत नाकातून व तोंडातून पडणारे सर्वच रक्त येते आणि चरकाने ऊर्ध्वग प्रकार साध्य म्हटला आहे. यकृताच्या वाढीचे वर्णन त्याच संहितेत उदररोगांत वेगळे आले आहे व तेथे त्याची रक्ताच्या उलटीशी स्पष्ट सांगड घातलेली दिसत नाही. म्हणून रक्तपित्त ही लक्षणावरून दिलेली समूहवाचक संज्ञा होती, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सिरोसिस हे नाव फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून, ग्रीक शब्दाच्या आधारे दिले.

फुग्याने दाब देऊन रक्त थांबवण्याच्या पद्धतीचे श्रेय कोणाचे, याबद्दलही एकमत नाही. जर्मनीत वेस्टफाल यांनी १९३० मध्ये अन्ननलिकेत आतून दाब देण्याचा प्रयोग नोंदवला, तर अमेरिकेत राउंट्री व सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये रबरी फुगा वापरला. तथापि सेंगस्टाकेन व ब्लेकमोर यांनी १९५० मध्ये वर्णिलेल्या नळीत जठरासाठी एक व अन्ननलिकेसाठी एक असे दोन फुगे आणि जठरातील रक्त खेचून घेण्याचा तिसरा मार्ग एकत्र आला, आणि पुढील सर्व नळ्या त्याच रचनेवर बेतल्या गेल्या. त्यामुळे पूर्वसूरींचा मान राखूनही १९५० हेच वर्ष आरंभवर्ष मानणे इष्ट ठरते. मिनेसोटा नळीत पुढे चौथा मार्ग जोडला गेला. त्याने फुग्याच्या वर साचणारी लाळ व रक्त काढता येऊ लागले. जठरातला फुगा जठरातच आहे याची क्ष-किरण चित्राने खात्री करून घेतल्याशिवाय तो पूर्ण फुगवू नये, कारण अन्ननलिकेत फुगल्यास ती फाटते. रक्त बहुतेक रुग्णांत तात्पुरते थांबते, परंतु फुगा सोडल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांत पुन्हा सुरू होते. दाबाखालचे ऊतक मरू नये म्हणून नळी २४ तासांपेक्षा अधिक ठेवत नाहीत. आज तिचे स्थान पुढचा निश्चित उपचार मिळेपर्यंतचा आधार एवढेच आहे.

रुग्ण आल्यावर प्रथम श्वासमार्ग सुरक्षित करतात. शुद्ध हरपत चाललेल्या किंवा सतत रक्त ओकणाऱ्या रुग्णात, तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका व जठर तपासण्यापूर्वीच, श्वासनलिकेत नळी घालतात. रक्त मात्र बेताने देतात. बार्सेलोना येथील ९२१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांपैकी अधिक रुग्ण जगले. ९ ग्रॅमची मर्यादा धरून सढळ रक्त दिलेल्यांत प्रवेशिका नीलेतील दाब वाढलेला आढळला. नातेवाईक रक्तपेढीत धावाधाव करतात आणि जास्त बाटल्या म्हणजे जास्त आशा असे समजतात. ती तळमळ समजण्यासारखी आहे, पण येथे जादा बाटली घातक ठरू शकते. रक्त गोठण्याच्या चाचणीचा आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) चढवणेही याच कारणाने टाळावे असे आता मानतात. रक्ताची गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचाही लाभ मोठ्या चाचणीत (२०२०) दिसला नाही.

निदानाचा नुसता संशय आला तरी दुर्बिणीची वाट न पाहता आतड्यांकडील रक्तप्रवाह कमी करणारे औषध सुरू करतात. टर्लिप्रेसिन, सोमॅटोस्टॅटिन व ऑक्ट्रिओटाइड यांत श्रेष्ठ कोणते, हा वाद बरीच वर्षे चालला. कोरियातील ७८० रुग्णांच्या तुलनेत (२०१४) तिघांत लक्षणीय फरक आढळला नाही. हे औषध २ ते ५ दिवस चालते. सोबत सेफ्ट्रिअॅक्सोन हे प्रतिजैविक रोज १ ग्रॅम देतात, कारण या रुग्णांत जंतुसंसर्ग पुन्हा रक्तस्राव घडवतो व जीवही घेतो. प्रतिजैविक अनेकदा दुय्यम समजले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते पहिल्या तासाचे औषध आहे.

दुर्बिणीची तपासणी १२ तासांच्या आत व्हावी. अन्ननलिकेतील नीलेवर रबरी बँड चढवून ती आवळतात. ही कल्पना मूळव्याधीच्या उपचारातून आली व अमेरिकेत डेन्व्हर येथे स्टीगमन यांनी १९८० च्या दशकात ती अन्ननलिकेत आणली. तिने १९३९ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेली, नीलेत औषध टोचून ती बुजवण्याची जुनी पद्धत मागे टाकली. जठरातील अपस्फीत नीलांसाठी सायनोअॅक्रिलेट हा चिकट द्रव टोचतात. त्या नीलांचे आज जगभर रूढ असलेले वर्गीकरण दिल्लीचे शिवकुमार सरीन व सहकारी यांचे आहे. बँडनेही रक्त न थांबल्यास, तसेच पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका फार असलेल्या निवडक रुग्णांत ७२ तासांच्या आत, मानेच्या नीलेतून यकृतात शिरून प्रवेशिका नीला व यकृतातून रक्त नेणारी नीला यांच्यामध्ये जाळीदार नळी बसवतात. तिने दाब उतरतो. मात्र रक्त यकृताला वगळून जात असल्याने त्यातील अमोनिया गाळला न जाऊन भ्रम होण्याची शक्यता वाढते.

मध्य प्रदेशातील माळवा-निमाडात ह्या उपचारांची अडचण औषधापेक्षा अंतराची आहे. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन येथून निघालेला रुग्ण इंदूरला पोहोचेपर्यंत वाटेतच कित्येक तास जातात. इंदूरच्या मराठी घरांतून एमवाय म्हणून ओळखले जाणारे महाराजा यशवंतराव रुग्णालय हे १९४८ च्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे व आसपासच्या जिल्ह्यांतील पुष्कळ रुग्ण तेथेच येतात. म्हणूनच पाठवणाऱ्या डॉक्टरांनी शिरेतून द्रव, दाब कमी करणारे औषध व प्रतिजैविक यांची पहिली मात्रा गाडी निघण्यापूर्वी द्यावी, आणि कोणते औषध किती वाजता दिले ते चिठ्ठीवर लिहावे. घरच्यांनी रुग्णास काही खाऊ-पिऊ घालू नये, डाव्या कुशीवर ठेवावे, यकृताचा आजार आधीपासून आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि अलीकडे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे वेष्टन सोबत न्यावे.

रक्त थांबल्यावर भ्रम टाळण्यासाठी लॅक्ट्युलोज देतात. औषधाचे शिरेतील ठिबक थांबल्यावर प्रवेशिका नीलेतील दाब कमी ठेवणारे प्रोप्रॅनोलोल किंवा कार्व्हेडिलोल सुरू करतात आणि काही आठवड्यांच्या अंतराने नीला दिसेनाशा होईपर्यंत बँड लावत राहतात. हे न केल्यास वर्षभरात अर्ध्याहून अधिक रुग्णांत रक्तस्राव पुन्हा होतो.