सीसी वेगळी, हप्ता वेगळा

बॅलन्सशीटमधली ‘अल्पमुदतीची कर्जं’ ही एकच ओळ वाचून कंपनी बुडाली किंवा ठणठणीत आहे असा निकाल देणं आता थांबायला हवं. त्या ओळीत दोन गोष्टी एकत्र बसलेल्या असतात: खेळत्या भांडवलाची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवी तशी उचल आणि भरणा करता येणारं बँकेचं कर्ज) आणि मुदत कर्जाचे येत्या 12 महिन्यांत भरायचे हप्ते.

सीसी बहुतेकांना ठाऊक असते. माल आणि येणी तारण, दरमहा स्टॉक स्टेटमेंट, त्यावरून ड्रॉइंग पॉवर (प्रत्यक्षात किती उचलता येईल ती मर्यादा), वर्षाकाठी नूतनीकरण. कागदोपत्री बँक मागेल तेव्हा फेडायची, पण धंदा सुरळीत असेल तर मुद्दल फिरतच राहतं.

हप्त्याला अशी सवलत नाही. तो तारखेला जातो आणि धंद्यातून सुटलेल्या पैशातूनच जायला हवा.

समजा, दोन कंपन्यांची अल्पमुदतीची कर्जं 50-50 कोटींची आहेत. पहिलीची सीसी 40 कोटी, हप्ते 10 कोटी. दुसरीचं नेमकं उलटं. माल, येणी आणि बाकीची देणी सारखीच, म्हणून करंट रेशोही (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) सारखाच. व्याज भागवून दोघींच्या हातात वर्षाला 15 कोटी उरतात. पहिली हप्ते भरून 5 कोटी बाजूला टाकते. दुसरीला 25 कोटी कमी पडतात. नवं कर्ज मिळालं तर ठीक, नाहीतर वसूल झालेल्या येण्यांचा पैसा ती हप्त्यांत घालते. मग येणी घटतात, ड्रॉइंग पॉवर खाली येते, सीसीतून उचल मिळत नाही आणि नवा माल भरायला पैसा राहत नाही. ऑर्डरी हातात असलेल्या कंपन्याही अशाच अडकतात.

म्हणूनच ‘करंट रेशो 1.33 म्हणजे सुरक्षित’ हे मला अजिबात मान्य नाही. हा आकडा रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून येतो: चालू मालमत्तेचा चौथा हिस्सा दीर्घ मुदतीच्या पैशातून यावा. खेळत्या भांडवलाला बँकेनं किती द्यावं, एवढ्यापुरतं ते गणित होतं. हप्ते फेडण्याची ताकद बघायला डीएससीआरच (कर्जफेडीच्या क्षमतेचं गुणोत्तर) काढा: करोत्तर नफा, घसारा आणि व्याज यांच्या बेरजेला व्याज अधिक हप्ते यांनी भागा.

गोंधळात भर घातली ती कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मधल्या बदलानं. पूर्वी चालू हप्ते इतर देण्यांमध्ये असत. 1 एप्रिल 2021 पासून ते अल्पमुदतीच्या कर्जांखाली वेगळे दाखवावे लागतात. त्यामुळे 2021 आणि 2022 चे अहवाल शेजारी ठेवले की कर्ज एकदम फुगल्यासारखं दिसतं. मागच्या वर्षाचा आकडा 2022 च्याच अहवालातून घ्या.

सीसी आणि हप्ते यांची फोड टिपांमध्ये मिळते. तिथून थेट लेखापरीक्षकांच्या कारो अहवालात (‘कंपनी लेखापरीक्षण अहवाल आदेशा’प्रमाणे जोडलेल्या भागात) कलम 9 उघडा: परतफेडीत कसूर झाली का आणि अल्पमुदतीचा पैसा दीर्घ मुदतीच्या कामात घातला का, हे दोन्ही तिथे लिहावंच लागतं.