लांबच्या तारेचं जादा भाडं? खानापूर-निपाणीकरांसाठी खुलासा

‘वीज लांबून येते, म्हणून सीमाभागाला वहनाचा आकार (मोठ्या तारांवरून वीज आणण्याचं शुल्क) जास्त पडतो,’ हे बेळगाव, खानापूर, निपाणीत वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही.

कर्नाटकात राज्याच्या उच्चदाबाच्या वाहिन्या केपीटीसीएल या सरकारी वीजवहन कंपनीच्या आहेत, पण वहनाचा दर ती स्वतः ठरवत नाही. तो कर्नाटक वीज नियामक आयोग, म्हणजे केईआरसी, ठरवतो. आयोग आधी कंपनीचा वर्षाचा मान्य खर्च काढतो: देखभाल, पगार, घसारा, कर्जावरचं व्याज आणि भागभांडवलावरचा ठरावीक परतावा. ‘मान्य’ हा शब्द इथे कळीचा आहे. कंपनीने मागितलेला प्रत्येक रुपया मिळत नाही. नव्या प्रकल्पात ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भांडवल असं प्रमाण साधारणपणे धरलं जातं; त्याहून जास्त भांडवल घातलं तरी जादा भागावर परतावा मिळत नाही.

ही रक्कम वितरण कंपन्यांवर त्यांच्या मेगावॅट क्षमतेनुसार वाटली जाते, अंतरानुसार नाही. पोस्टाच्या तिकिटासारखंच, पत्र जवळ जावो की लांब. आपल्या भागाची वितरण कंपनी हेस्कॉम, तिलाही तोच दर लागतो. तो बिलात वेगळा दिसत नाही, हेस्कॉमच्या खर्चात मिसळतो. गैरसमज बहुधा तिथेच रुजला असावा.

वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चाशी ताळा होतो, आणि फरक पुढच्या दरांत धरला जातो. तक्रार असेल तर ती याच टप्प्यांवर करा: २००३च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि कोणताही ग्राहक त्यावर लेखी हरकत घेऊ शकतो.