पॅथॉलॉजी रेसिडेन्सीला जाताय? शेवटच्या वर्षाची रोटेशन्स निवडताना

अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या चौथ्या वर्षाला आलेले आणि पॅथॉलॉजी नक्की केलेले विद्यार्थी सल्ल्यासाठी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा सारखीच यादी असते: सर्जिकल पॅथॉलॉजी, सायटोलॉजी, हिमॅटोपॅथॉलॉजी, फॉरेन्सिक आणि जागा उरली तर पुन्हा सर्जिकल पॅथॉलॉजी. उत्साह समजतो, पण ही यादी आम्ही बदलायला सांगतो. पॅथॉलॉजीचं एक रोटेशन (विभागातलं काही आठवड्यांचं काम) करा, फार तर दोन. बाकीचं वर्ष रुग्णांजवळ काढा.

कारण साधं आहे. पॅथॉलॉजी रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला) वेगळं इंटर्नशिपचं वर्ष नसतं. अ‍ॅनाटॉमिक आणि क्लिनिकल पॅथॉलॉजी (म्हणजे ऊतींची आणि रक्तासारख्या द्रवांची तपासणी) मिळून चार वर्षं, आणि सुरुवात थेट लॅबमध्ये. त्या काळात प्रत्येक रेसिडेंटला किमान 2,000 सर्जिकल नमुने, 1,500 सायटोलॉजी केसेस आणि 30 ऑटोप्सी कराव्या लागतात. स्लाइड्स पोटभर पाहायला मिळतील. वॉर्डमधला रुग्ण मात्र पुन्हा इतक्या जवळून भेटणार नाही.

पॅथॉलॉजीचं रोटेशन कधी, कसं

जुलै किंवा ऑगस्ट. अर्ज सप्टेंबरच्या अखेरीस प्रोग्रॅम्सकडे जातात, त्याआधी शिफारसपत्र हातात हवं. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करण्यापेक्षा सलग चार आठवडे घ्या, कारण रोज नव्या अटेंडिंगशेजारी (वरिष्ठ डॉक्टरशेजारी) बसलात तर तुमच्याबद्दल मनापासून लिहील असं कोणीच उरत नाही.

तिथे गेल्यावर फक्त मायक्रोस्कोपला चिकटू नका. ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना नुसत्या डोळ्यांनी तपासून कापण्याच्या, टेबलापाशी उभे राहा. स्तनाच्या कर्करोगाचा नमुना आला की त्याची दिशा कशी ओळखतात, कडांना शाई का लावतात, नमुना काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये जाण्याचा आणि तिथे 6 ते 72 तास राहण्याचा आग्रह का असतो, हे डोळ्यांनी बघा. त्यात गफलत झाली तर हार्मोन रिसेप्टरच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुढचे उपचारच चुकू शकतात. फ्रोझन सेक्शनही (शस्त्रक्रिया चालू असताना नमुना गोठवून केलेली झटपट तपासणी) सोडू नका. एका ब्लॉकचं उत्तर साधारण 20 मिनिटांत द्यायचं असतं आणि तोवर ऑपरेशन थिएटर खोळंबलेलं असतं.

रुग्णांजवळची रोटेशन्स

सर्जिकल ऑन्कोलॉजी आमच्या यादीत सर्वांत वर आहे. पॅथॉलॉजिस्टच्या एका वाक्यावर सर्जन पुढचा काप घ्यायचा की टाके घालायचे ते ठरवतो. तुम्ही त्याच्या बाजूला उभे राहिला असाल, तर ‘कड मोकळी आहे’ (कापलेल्या कडेवर कर्करोग नाही) हे शब्द किती तोलून बोलायचे असतात ते कायमचं लक्षात राहतं.

त्यानंतर रेडिऑलॉजी. हे रोटेशन आरामाचं म्हणून बरेच जण घेतात, आमच्या मते ते मन लावून करण्याचं आहे. हाडाच्या गाठीचं निदान एक्स-रे न बघता करू नये, हा पॅथॉलॉजीतला जुना नियम आहे. फुफ्फुसांच्या इंटरस्टिशियल आजारांत तर बायोप्सी आणि सीटी शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हिमॅटॉलॉजी-ऑन्कोलॉजी घेतलंत तर बोन मॅरो काढताना हजर राहा आणि तोच नमुना लॅबमध्ये जाऊन बघा. क्लिनिकल पॅथॉलॉजीसाठी आयसीयूसारखी तयारी नाही. रेसिडेंट झाल्यावर रात्री ब्लड बँकेतून फोन येणार: रक्तस्राव थांबत नाही, प्लेटलेट्स द्यायच्या का? टीटीपीचा (रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटवणाऱ्या आजाराचा) संशय आहे, प्लाझ्मा एक्स्चेंज आत्ताच सुरू करायचं का? असा रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला असेल, तर नेमकं काय विचारायचं ते सुचतं.

डर्मटॉलॉजी आणि नेफ्रॉलॉजीही उपयोगाची, दोन आठवडे पुरतात. शाळेची सक्तीची सब-इंटर्नशिप (इंटर्नसारखी जबाबदारी घेऊन केलेलं रोटेशन) मेडिसिनमध्ये किंवा सर्जरीत, जिथे चांगलं शिकवतात तिथे करा.

दुसऱ्या ठिकाणचं रोटेशन

पाहुणे विद्यार्थी म्हणून दुसरीकडे जाण्यात खर्च आणि धावपळ दोन्ही आहे. एखाद्या प्रोग्रॅममध्ये खरोखर जायची इच्छा असेल, किंवा तुमच्या शाळेत पॅथॉलॉजीची रेसिडेन्सीच नसेल, तरच जा. नुसतं अर्जावर नाव दिसावं म्हणून जाऊ नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. नोव्हेंबर ते जानेवारी मुलाखतींसाठी हलकं ठेवा. आयसीयू त्या महिन्यांत नको.

अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात शिकत असाल, तर पदवी हातात येण्याआधीच इलेक्टिव्ह मिळवायचा प्रयत्न करा. पदवीनंतर सहसा फक्त ऑब्झर्व्हरशिप (नुसतं बघण्याची परवानगी) मिळते आणि हाताने काम करायला वाव राहत नाही.

आम्ही काय करतो

तुमच्या शाळेची इलेक्टिव्हची यादी आणि सक्तीची रोटेशन्स समोर ठेवून आम्ही तुमच्याबरोबर महिनावार आराखडा बनवतो. शिफारसपत्र कोणाकडे आणि कधी मागायचं तेही ठरवतो. अर्जातलं निवेदन वाचून स्पष्ट मत देतो, पण ते लिहून देत नाही. ते तुमच्याच शब्दांत हवं. पहिल्या भेटीला इलेक्टिव्हची यादी, आतापर्यंतची मूल्यमापनं आणि तुम्हाला आवडलेल्या दोन-तीन केसेसची टिपणं घेऊन या. रुग्णाची ओळख पटेल असं त्यात काही ठेवू नका. शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीसच या, कारण जुलै-ऑगस्टच्या जागा लवकर भरतात.