नवीन गेमिंग लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

दुकानात आठवड्यातून तीन-चार जण तरी हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. "भाऊ, लॅपटॉप नवा आहे, दोन महिने पण नाही झाले, गेम चालू असताना मधेच कीबोर्ड बंद पडतो, कधी लाइटी जातात, कधी डायरेक्ट निळी स्क्रीन येते." इथपर्यंत सगळं ठीक, हे बघता येतं आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी सुटतं पण. पण मग पुढचं वाक्य येतं, "मी घरी फॉरमॅट पण मारून बघितला, तरी तेच." तिथेच एका दिवसाचं काम तीन दिवसांवर जातं आणि ते का जातं हेच सांगायला हे पत्रक काढलंय.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात. कीबोर्ड आणि विंडोज यांच्या मधला माणूस म्हणजे ड्रायव्हर, आणि हा माणूस विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत बसतो, त्याला कर्नल म्हणतात. बाहेरचं साधं सॉफ्टवेअर पडलं तर फक्त ते बंद होतं, आतला ड्रायव्हर पडला तर अख्खं मशीन घेऊन पडतो. १९ जुलै २०२४ आठवत असेल, एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या हिशोबाने जगभरातले ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, तो सगळा प्रकार असाच आतल्या खोलीतला होता.

आता गेमिंग लॅपटॉपमध्ये साध्या लॅपटॉपपेक्षा जास्त भानगड असते, कारण कीबोर्डला रंगीत लाइटी, त्या लाइटींचं वेगळं सॉफ्टवेअर, एफएन बटणांचं वेगळं, वर तुम्ही घेतलेल्या गेमिंग माऊसचं अजून एक, आणि त्यातली बरीचशी सॉफ्टवेअरं लॅपटॉप चालू झाला की गुपचूप मागे चालू होतात. दोन सॉफ्टवेअरं एकाच वेळी त्याच कीबोर्डला लाइटीचे हुकूम द्यायला लागली की कीबोर्ड अडकतो. नवीन लॅपटॉपमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं, कीबोर्ड खराब निघणं त्यामानाने फार कमी.

फॉरमॅटने नक्की काय बिघडतं

पिंपळगावचा एक मुलगा आला होता, इंजिनिअरिंगला आहे, हुशार पोरगा. कीबोर्ड गेममध्ये दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडायचा. याने यूट्यूब बघून पेनड्राइव्ह बनवला आणि फॉरमॅट करायला बसला, तर विंडोजला एसएसडीच, म्हणजे जिच्यावर विंडोज आणि फाइल असतात ती डिस्कच, दिसेना. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपात असं होतं, कारण स्टोरेजसाठी व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉल करताना हाताने द्यावा लागतो. याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, जाऊन ती सेटिंगच बंद केली, विंडोज टाकलं, मग वायफाय नाही, मग मित्राकडून एक "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" वालं सॉफ्टवेअर आणलं, त्याने कुठल्या कुठल्या मॉडेलचे ड्रायव्हर भरले, आणि शेवटी माऊसचं लाइटीवालं सॉफ्टवेअर परत टाकलं कारण माऊस तर वापरायचाच होता. कीबोर्ड परत बंद. असं तीनदा केलं त्याने.

मूळ कारण तेच माऊसचं सॉफ्टवेअर होतं, ते लॅपटॉपच्या कीबोर्डच्या लाइटीपण ताब्यात घेत होतं. प्रत्येक फॉरमॅटनंतर तो स्वतःच्या हाताने तेच परत टाकत होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपचा कीबोर्ड फक्त अनटिक करायचा होता, पाच मिनिटांचं काम. पण आम्हाला ते सापडायला दोन दिवस लागले, कारण आधीचे सगळे पुरावे फॉरमॅटमध्ये पुसले गेले होते, मशीन चालू ठेवून परत बंद पडायची वाट बघावी लागली, आणि त्याच्या आधी ते चुकीचे ड्रायव्हर काढण्यात अर्धा दिवस गेला.

पुरावे म्हणजे काय, तर निळी स्क्रीन आली की विंडोज सहसा सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडंप नावाच्या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवतं, त्यात कुठल्या ड्रायव्हरपाशी गाडी थांबली ते कळतं. निळी स्क्रीन नाही आली तरी स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करून बघा, एक तारीखवार तक्ता उघडतो, लाल फुल्या असतात, कुठल्या दिवशी काय टाकलं आणि कुठल्या दिवसापासून काय पडायला लागलं ते समोरासमोर दिसतं. आम्ही सगळ्यात आधी हाच तक्ता उघडतो. तुम्ही फॉरमॅट करून आणलं की तो कोरा असतो आणि आम्ही आंधळे होतो, एवढं साधं आहे हे.

अजून एक, कीबोर्डचा कारभार ज्या चिपकडे असतो तिचं फर्मवेअर, म्हणजे चिपचं स्वतःचं सॉफ्टवेअर, मदरबोर्डवर असतं, एसएसडीवर नाही. त्यामुळे दोष तिथे असेल तर दहा वेळा फॉरमॅट करा, काही फरक पडत नाही, तिथे कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचं बायोस अपडेट लागतं. आणि विंडोज १० टाकलं की नीट चालेल असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नवीन मॉडेलचे बरेच ड्रायव्हर त्याच्यासाठी निघतच नाहीत.

घरी काय करून बघता येईल

आधी फक्त रीस्टार्ट करा. शटडाऊन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शटडाऊन केलं तरी आतला भाग झोपवून ठेवतात आणि परत तसाच उठवतात, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. लोक म्हणतात चार वेळा बंद-चालू केलं, पण खरं बंद एकदाही झालेलं नसतं.

त्याने नाही झालं तर लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, यूएसबीला जे जे लावलंय ते काढा आणि पॉवर बटण ३०-४० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. खूप मॉडेलमध्ये याने कीबोर्डवाली चिप रीसेट होते. याने काही पुसलं जात नाही, घाबरू नका.

मग बायोसमध्ये जाऊन बघा, चालू करताना एफ२ किंवा डिलीट, मॉडेलप्रमाणे. तिथे बाणाची बटणं चालतायत का? तिथे विंडोज नसतंच, त्यामुळे तिथे कीबोर्ड व्यवस्थित चालत असेल तर कीबोर्ड बहुतेक चांगला आहे आणि भांडण विंडोजमधलं आहे. तिथेही मेला असेल, किंवा बायोस उघडतच नसेल, तर केबल, चिप किंवा कीबोर्ड. असं असेल आणि वॉरंटी चालू असेल तर आमच्याकडे यायचीपण गरज नाही, बिल घेऊन सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटीतलं मशीन आम्ही खोलत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी, कारण उद्या कंपनीने "बाहेर खोललाय" म्हणून हात वर केले तर नुकसान तुमचं.

बायोसमध्ये चालतोय आणि विंडोजमध्ये नाही, तर घरातला कुठलाही यूएसबी कीबोर्ड लावा. बाहेरचा चालला आणि आतला नाही चालला तर आतल्या कीबोर्डचा ड्रायव्हर किंवा त्याचं लाइटीचं सॉफ्टवेअर बघायचं. दोन्ही मेले तर बहुतेक वेळा बटणांची अदलाबदल करणारं नाहीतर मॅक्रोवालं (एका बटणाने अनेक बटणं दाबणारं) एखादं सॉफ्टवेअर टाकलेलं असतं आणि ते नीट अनइन्स्टॉल न करता त्याचं फोल्डर डिलीट केलेलं असतं. विंडोजच्या यादीत त्याचं नाव राहतं, विंडोज त्याला शोधत बसतं आणि सगळेच कीबोर्ड अडवून ठेवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली मशीनच्या सगळ्या भागांची यादी) कीबोर्डवर पिवळा त्रिकोण आणि कोड १९ किंवा ३९ दिसतो तो बऱ्याचदा याच्यामुळे. हे रजिस्ट्रीतलं, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतलं काम आहे, घरी करू नका, तिथे एक शब्द चुकीचा उडाला की अजून वाढतं.

कीबोर्ड चालत नसताना पासवर्ड कसा टाकायचा हे पण खूप जण विचारतात. लॉगिन स्क्रीनवर खाली उजवीकडे माणसाचं छोटं चिन्ह असतं, त्यात ऑन स्क्रीन कीबोर्ड आहे, माऊसने टाइप करा.

आणि एक गोष्ट जी ड्रायव्हरची नाहीच पण ड्रायव्हर समजून लोक नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमधून लॅपटॉप घेऊन येतात. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून धरली की विंडोज फिल्टर कीज चालू करू का विचारतं, गेमच्या गडबडीत हो म्हटलं जातं, आणि मग बटण पटकन दाबलं तर उठतच नाही, जरा वेळ दाबून धरलं तरच उठतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे बंद करा. तसंच फक्त विंडोजचं बटण चालत नसेल तर एफएन आणि विंडोज एकत्र दाबून बघा, बऱ्याच गेमिंग लॅपटॉपात ते लॉक करायची सोय असते. याचे आम्ही पैसे घेत नाही, काउंटरवरच करून देतो.

लाइटीची दोन सॉफ्टवेअरं असतील तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन एक बंद करा आणि दोन दिवस वापरून बघा. अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरला रोल बॅक, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जायची सोय असते, ते चालू दिसत असेल तर वापरा. झोपेतून उठवल्यावरच कीबोर्ड मरत असेल तर यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करायची टिक काढून बघा.

बायोस अपडेट करायच्या आधी मात्र थांबा. नवीन विंडोज ११ लॅपटॉपात मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप लॉक होते, तुम्हाला न विचारता, आणि बायोसमध्ये बदल झाला की ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधी मोबाइलवरून लॉगिन करून वहीत लिहून ठेवा. दुकानातून घेताना दुसऱ्याच कोणाच्या मेलआयडीने अकाउंट बनवलं असेल तर आजच शोधा तो मेलआयडी. ती की नसेल तर डेटा आम्हीच काय कोणीच काढू शकत नाही, आणि मुलांच्या प्रोजेक्टच्या फाइल गेलेल्या बघताना खरंच वाईट वाटतं.

आमच्याकडे आणताना

तपासणीचे ३५० रुपये, काम केलं तर ते बिलात धरतो. काही जण म्हणतात, "एक सॉफ्टवेअर तर काढलं, त्याचे पैसे कसले?" काढायला मिनिट लागतं हे खरंय, कुठलं काढायचं ते शोधायला दोन-तीन तास लागतात, आणि तेच न शोधता फॉरमॅट मारून ५०० रुपये घेणं आम्हाला जास्त सोपं पडलं असतं, पण पंधरा दिवसांनी तुम्ही परत दारात. म्हणून साधं काम नसेल तर आम्ही मशीन एक रात्र ठेवून घेतो, गेम चालवून, झोपवून, उठवून बघतो, आणि काय सापडलं ते कागदावर लिहून देतो.

येताना लॅपटॉपचा ओरिजिनल चार्जर नक्की आणा, कारण काही तक्रारी पूर्ण लोडवरच दिसतात आणि दुसऱ्या चार्जरवर मशीन पूर्ण ताकदीने चालत नाही. जो माऊस किंवा हेडफोन रोज लावता तो पण आणा, पिंपळगाववाल्याने माऊस पहिल्याच दिवशी आणला असता तर तेव्हाच सुटलं असतं. निळी स्क्रीन येत असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चहा-पाणी सांडलं असेल तर आल्या आल्या सांगा, लपवू नका, आणि तोपर्यंत चालू करून बघू नका.

नवीन लॅपटॉप घेतला असेल तर पहिल्याच आठवड्यात आणलात तरी चालेल. ८०० रुपयांत आम्ही कंपनीतून आलेल्या विंडोजची पूर्ण कॉपी तुमच्या एक्सटर्नल ड्राइव्हवर काढून देतो, तुमच्या मॉडेलचे ड्रायव्हर वेगळ्या फोल्डरात ठेवतो, रिकव्हरी की तुमच्यासमोर तपासतो आणि नको ती सॉफ्टवेअरं स्टार्टअपमधून काढतो. ड्राइव्ह तुमची असेल तर तीच वापरू, विकत घ्यायचा आग्रह नाही. दुकान सकाळी साडेदहाला उघडतं, संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, निफाड-सिन्नरकडून येणाऱ्यांनी शक्यतो दुपारच्या आत या, म्हणजे साधं काम असेल तर मशीन त्याच दिवशी परत नेता येईल.