कृष्णविवरात गेलेल्या माहितीचा हिशेब

दरवर्षी विज्ञान दिनाला पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत शाळकरी मुलांची रीघ लागते. कृष्णविवराचा विषय निघाला की कुणीतरी विचारणारच, आत पडलेल्या वस्तूचं पुढे होतं काय? सैद्धांतिक भौतिकी जवळपास 50 वर्षं याच प्रश्नाशी झुंजते आहे. 2019 नंतर ‘कोडं सुटलं’ अशा बातम्या अधूनमधून येऊ लागल्या, म्हणून थोडं मागे जाऊन पाहूया.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला याकोब बेकेन्स्टाइन यांनी सुचवलं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या सूक्ष्म तपशिलांचं माप, असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या, म्हणजे जिथून आत गेलं की परतता येत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. स्टीफन हॉकिंग यांना हे आधी पटलं नव्हतं. पण 1974 मध्ये त्यांच्याच गणितातून निघालं की कृष्णविवराला तापमान असतं, ते प्रारण सोडतं आणि हळूहळू आटत जातं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या एक कोटीव्या भागाइतकंही नसतं, त्यामुळे हे प्रत्यक्ष मोजण्याची आशा नाही.

खरी पंचाईत 1976 मध्ये पुढे आली. पत्र जाळलं तरी राख, धूर आणि उजेड यांचा कण न् कण तपासता आला, तर तत्त्वतः मजकूर परत मिळवता येतो. सूक्ष्म कणांचे नियम सांगणाऱ्या क्वांटम यांत्रिकीचा तसा आग्रहच आहे. हॉकिंग यांच्या प्रारणात मात्र तापमानाखेरीज काहीच नव्हतं. कृष्णविवर संपलं की आत पडलेल्या वस्तूचा मजकूर, म्हणजे तिची माहितीही कायमची गेली.

या कथेतला एक धागा आपल्याकडचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. 1943 मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाश-काळाचं समीकरण सोडवलं. बनारसला कोल्हापूरच्या विष्णू वासुदेव नारळीकर यांच्याकडे ते संशोधन करायला गेले होते, त्यातून हे काम उभं राहिलं. ‘ब्लॅक होल’ हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. आज आटत जाणाऱ्या कृष्णविवराचं साधं प्रारूप मांडताना जगभर वैद्यांचीच मांडणी वापरतात. विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर आयुकाचे संस्थापक संचालक झाले. त्याच आयुकात थानू पद्मनाभन यांनी 2021 मध्ये निधन होईपर्यंत हा विषय लावून धरला: क्षितिजाला तापमान असेल, तर गुरुत्वाकर्षण हेच उष्णतेसारखं, खालच्या सूक्ष्म घटकांच्या सामुदायिक वागण्यातून आलेलं असेल का?

1993 मध्ये डॉन पेज यांनी हिशेबाची कसोटी ठरवून दिली. माहिती टिकत असेल, तर बाहेर आलेल्या प्रारणाची एन्ट्रॉपी आधी वाढेल, साधारण मध्यावर वळेल आणि शेवटी शून्यावर येईल. हॉकिंग यांचा आलेख नुसता चढतच जात होता. 1997 मध्ये हुआन माल्डासेना यांनी विशिष्ट प्रकारच्या विश्वातलं गुरुत्वाकर्षण आणि त्याच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षण नसलेला क्वांटम सिद्धांत एकच असल्याची कल्पना मांडली. मग माहिती टिकते यावर बहुतेकांचा विश्वास बसला. 2004 मध्ये खुद्द हॉकिंग यांनी, माहिती नष्ट होते यावर लावलेली पैज हरल्याचं मान्य केलं. टिकते कशी, ते मात्र कुणालाच दाखवता येत नव्हतं.

2019 मध्ये जेफ पेनिंग्टन यांनी एकट्याने, तर अहमद अल्मेहरी, नेट्टा एंगेलहार्ट, डोनाल्ड मॅरॉल्फ आणि हेन्री मॅक्सफील्ड यांनी मिळून, जवळपास एकाच वेळी पेज यांचा वळणारा आलेख गणिताने काढून दाखवला. मला यातलं विलक्षण वाटतं ते असं, की त्यासाठी कृष्णविवराच्या पोटातला एक भाग बाहेरच्या प्रारणाच्या खात्यात धरावा लागतो. या भागाला ‘बेट’ म्हणतात. गुरुत्वाकर्षणाचा नवा नियम न आणता, आहे त्याच नियमांतून तो निघतो.

पण या गणितातून माहिती किती बाहेर आली ते कळतं, प्रारणातून तो मजकूर वाचायचा कसा ते कळत नाही. शिवाय बेंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञान संस्थेतले सुव्रत राजू आणि त्यांचे सहकारी यांचा आक्षेप वजनदार आहे. बेटांची ही गणितं ज्या प्रारूपांत मांडली गेली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या ग्रॅव्हिटॉनला वस्तुमान मिळतं. आपल्या विश्वातल्या दूरवर पोचणाऱ्या गुरुत्वाकर्षणाला ते लागू पडत नाही. राजूंच्या मते क्वांटम गुरुत्वाकर्षणात आतली माहिती बाहेर पहिल्यापासूनच उपलब्ध असते, फक्त ती वाचायला अतिशय सूक्ष्म मोजमापं लागतात.